पद्मिनी थोर की मारुती?

जुन्या वस्तूंचे गोडवे गाण्याची आपल्याला भारी हौस! 'पद्मिनी म्हणजे लोखंड, मारुती म्हणजे पत्र्याचा डबा' हे वाक्य प्राध्यापकांच्या खोलीत ऐकू येते, तसेच कट्ट्यावरही. ते एकदा तपासून पाहायला हवे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने इटलीची फियाट ११००-डी ही गाडी १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याला बांधायला घेतली. १९७४ मध्ये तिचे 'प्रीमियर पद्मिनी' असे नामकरण झाले. १०८९ सी.सी.चे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेला गिअर आणि वर्षानुवर्षे जवळजवळ तोच सांगाडा. तिचे कौतुक करताना परवानाराज्य सोयीस्करपणे विसरले जाते. उत्पादनावर सरकारचा अंकुश, स्पर्धेला अँबॅसेडरसारखी एखादुसरी गाडी आणि पैसे भरून वाट पाहणारा ग्राहक! गाडी सुधारण्याची निकड कोणाला भासणार?

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० रस्त्यावर आली. सुझुकीच्या साहाय्याने ती काढली सरकारी कंपनीनेच, हा काळाचा विनोद म्हणायचा. इंजिन अवघे ७९६ सी.सी.चे, तीन सिलिंडरांचे; परंतु गाडी हलकी, चालवायला सोपी आणि पेट्रोल बेताने पिणारी. यंत्र म्हणून तीच सरस, याबद्दल मला शंका नाही. पगारदार माणसाला मोटारीचे स्वप्न पाहण्याचे धैर्य तिनेच दिले.

मग पद्मिनीच्या पारड्यात काय उरते? टॅक्सी! ज्यांना स्वतःची मोटार जन्मात शक्य नव्हती, त्यांचीही ती मीटर पाडला की तासाभरापुरती होई. बाळंतिणीला घरी आणायचे असो, आजाऱ्याला के.ई.एम.ला न्यायचे असो की टपावर वळकट्या बांधून व्ही.टी. गाठायचे असो, अडीनडीला काळी-पिवळी पद्मिनीच धावून येई. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा जिची किल्ली कधी हातात धरली नाही अशा गाडीसाठी माणसे हळहळली.

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. तिने जागवलेली हौस मात्र थांबली नाही. दारोदारी गाड्या आल्या आणि रस्ते तुंबले.

उत्तम गाडी कोणती, या प्रश्नाचे माझे उत्तर मारुती. अधिक लोकांच्या उपयोगी पडलेली कोणती, याचे उत्तर पद्मिनी. यांतला दुसरा प्रश्न विचारणेच आपण सोडून दिले आहे. पद्मिनीची आठवण खरोखर ठेवायची असेल, तर लोखंडाची स्तुती पुरे झाली; ज्याच्या दारात गाडी नाही, त्याला वेळेवर वाहन कसे मिळेल, एवढे आपण विचारू या.