गृहारोग्य : चेहऱ्यावरील काळे डाग

ज्या घरांत सासू, सुना, नणंदा व जावा एकत्र नांदतात, त्या घरांत एकीच्या चेहऱ्यावर उठलेला डाग ही तिची एकटीची बाब कधींच राहत नाहीं. पाहतां पाहतां त्याची चर्चा माजघरांत पोंचते. कोणी लिंबू सुचविते, कोणी दुधाची साय, आणि शेवटीं कपाटांतून एक अर्धी संपलेली ट्यूब निघते. "माझे डाग हिनें पंधरा दिवसांत गेले, तूंहि लावून पाहा," असें जाऊबाई मोठ्या मायेनें सांगतात. त्या मायेंत खोट नसते. पण अनेक चेहऱ्यांची हानि याच ट्यूबेपासून सुरू होते, म्हणून या महिन्यास आम्हीं हा विषय घेतला आहे.

प्रथम डाग पडतो कसा तें पाहूं. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशीं रंगपेशी असतात. त्या 'मेलॅनिन' नांवाचें द्रव्य तयार करितात आणि एकेक रंगपेशी आसपासच्या सुमारें ३६ पेशींना तें पुरविते. गोऱ्या व सांवळ्या माणसांत या रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. कमीजास्त असतें तें त्यांचें काम. हें द्रव्य उन्हांतील घातक किरण शोषून त्वचेचें रक्षण करितें. ऊन, दाह, गर्भारपणांतील अंतःस्राव अथवा एखादें न सोसणारें रसायन यांनीं रंगपेशी चेतल्या, कीं त्या जागीं रंग अधिक सांठतो. डाग हा मळ नव्हे, त्यामुळें तो घांसून निघत नाहीं. घांसल्यानें दाह होतो व दाहानें डाग अधिकच गडद होतो.

आतां डागांच्या जाती. सर्वांच्या परिचयाचा तो वांग. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत क्षुद्ररोगांमध्यें 'व्यंग' या नांवानें वेदनारहित, पातळ व श्यामवर्ण अशा मंडलाचें वर्णन आहे. दोन्ही गाल, कपाळ, नाक व वरचा ओठ यांवर वांग बहुधा सारख्या आकारानें उमटतो. गर्भारपण, संततिनियमनाच्या गोळ्या, ऊन व आनुवंशिकता हीं त्याचीं प्रमुख कारणें. पुरुषहि त्यांतून सुटलेले नाहींत. बाळंतपणानंतर कांहीं जणींचा वांग आपोआप फिका होतो, कांहींचा वर्षानुवर्षें राहतो.

मुरुमांचे डाग निराळे. पुळी जेथें, डाग तेथें. सबब पुळ्यांचा बंदोबस्त केल्याविना केवळ डागांवर औषध लावणें व्यर्थ होय. कुंकवाच्या जागींच काळेपणा व खाज आली, तर कुंकवांतील कृत्रिम रंगाचा संशय घ्यावा. केसांच्या कडेनें कपाळावर, कानांपुढें व मानेवर काळेपणा पसरूं लागला, तर केसांचा कलप तपासावा. या दोन्ही ठिकाणीं कारण दूर करणें हाच पहिला उपचार. मुलांच्या मानेवर मखमलीसारखी जाड व काळसर त्वचा दिसली, कीं "आंघोळ नीट करीत नाहींस," म्हणून आई त्यास रागें भरते. वस्तुतः असा काळेपणा पुष्कळदां वाढलेलें वजन व शरीरास इन्सुलिन न मानवणें यांची खूण असतो. तेथें वजरीचा उपयोग नाहीं, रक्तांतील साखर तपासावी. काळेपणा सर्वांगावर व तोंडाच्या आंतहि येऊन अशक्तता वाटूं लागली, किंवा एखादा तीळ वाढूं लागला, त्याचा रंग बदलला, त्यांतून रक्त आलें, तर एक दिवसहि न दवडतां डॉक्टरांस दाखवावें.

इतक्या निरनिराळ्या कारणांवर एकच ट्यूब कशी चालावी? आणि त्या ट्यूबेंत असतें तरी काय? पुष्कळदां तिच्यांत बेटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन यांपैकीं एखादें स्टेरॉइड असतें. विशिष्ट विकारावर, थोडे दिवस व डॉक्टरांच्या देखरेखीखालीं हीं औषधें मोलाचीं आहेत. परंतु गोरेपणासाठीं तीं रोज चेहऱ्यावर चोपडलीं, तर प्रथम कांहीं दिवस चेहरा उजळतो व मन हुरळतें. पुढें त्वचा पातळ पडते, तांबड्या शिरा दिसूं लागतात, पुळ्या व लव वाढते. लावणें थांबवावें, तर आग व लाली उसळते, म्हणून ती बिचारी पुन्हा तीच ट्यूब हातीं घेते. २०१८ सालीं सरकारनें अशीं चौदा स्टेरॉइडें चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली, ती याच कारणानें. ज्यांनीं महिनोन् महिने असें मलम वापरलें असेल, त्यांनीं तें कसें सोडावें हें त्वचारोगतज्ज्ञांस विचारूनच ठरवावें.

याहून भयंकर प्रकार पाऱ्याचा. पारा रंगपेशींचें काम रोखतो, म्हणून कांहीं बेनांवी गोरेपणाच्या क्रीमांत तो चोरून घालतात. तो त्वचेंतून रक्तांत उतरतो. २०२३ सालीं केरळांतील मलप्पुरम् जिल्ह्यांत मूत्रपिंडाच्या एका विकाराचे रुग्ण एकामागून एक आढळले; त्यांतील अनेकांच्या वापरांत पारायुक्त क्रीमें असल्याचें चौकशीअंतीं उघडकीस आलें. त्याच सुमारास विदर्भांतील एका घरांतील आई व दोन मुली या तिघींचीं मूत्रपिंडें एकाच क्रीमामुळें बिघडल्याचें वृत्त प्रसिद्ध झालें. वस्तु एकीनें आणली, भोगावें लागलें तिघींना.

मग उपाय काय? पहिला उपाय उन्हापासून जपणें. तें न केल्यास उत्तमांतलें उत्तम औषधहि फुकट जातें. दहा ते चार या वेळांत छत्री किंवा रुंद कांठाची टोपी वापरावी. एस्. पी. एफ्. ३० किंवा अधिक असलेलें सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीइतकें घेऊन चेहऱ्यास व मानेस लावावें. बाहेर असल्यास दोन-तीन तासांनीं पुन्हा लावावें. खिडकीच्या कांचेंतूनहि वांग वाढविणारे किरण आंत येतात. सांवळ्या त्वचेवर दृश्य प्रकाशाचाहि परिणाम होत असल्यामुळें, वांग असणाऱ्यांस लोहभस्माच्या जातीचें रंगद्रव्य, म्हणजे आयर्न ऑक्साइड, असलेलें सनस्क्रीन अधिक उपयोगी पडतें.

औषधांत हायड्रोक्विनोन प्रभावी आहे, पण तें मर्यादित महिनेच वापरावें. वर्षानुवर्षें लावल्यास निळसर काळे डाग कायमचे पडूं शकतात. ट्रेटिनॉइन गर्भिणीनें वर्ज्य करावें. अझेलेइक ॲसिड त्या मानानें सौम्य, व डॉक्टरांच्या सल्ल्यानें गर्भारपणांतहि चालतें. रासायनिक साल काढणें व लेसर हे उपाय आपल्या वर्णाच्या त्वचेवर अननुभवी हातीं उलटतात. कोणत्याहि औषधाचा गुण दोन-तीन महिन्यांआधीं पारखूं नये, कारण त्वचेचा वरचा थर नवा होण्यासच चार आठवडे व अधिक काळ लागतो.

घरगुती उटण्यास आमची हरकत नाहीं. बेसन व साय यांनीं चेहरा स्वच्छ व मऊ होतो. वांग मात्र त्यानें जात नाहीं. लिंबू चेहऱ्यास चोळूं नये. त्याचा रस अंगावर असतां ऊन लागलें, तर त्वचा भाजून नवे काळे डाग उठतात.

अखेर घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस एक विनंती. मुलगी दाखवावयाची म्हणून महिन्याभरांत तिचा चेहरा उजळविण्याचा हट्ट, किंवा बाळंतिणीच्या वांगावर येतांजातां केलेली टीका, यांच्यामुळेंच पुष्कळ मुली नको त्या ट्यूबेकडे वळतात. तो हट्ट व ती टीका आपण सोडावी. आणि या आठवड्यांत एकदां कपाट उघडून सर्व ट्यूबा बाहेर काढाव्या, त्यांवरील बारीक अक्षरें मुलांकडून वाचवून घ्यावीं. जिच्यावर घटकांचीं नांवें नाहींत ती टाकून द्यावी, आणि जी एकीच्या नांवानें डॉक्टरांनीं दिली ती दुसरीच्या हातीं देऊं नये.