लाट सर्वांची, वाट कोणाची?

फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येण्याचा खेळ आपल्या वस्तीत कोणी खेळल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कारकुनाच्या घरात समुद्र म्हणजे वर्षातून एकदा चौपाटीवरची भेळ. परंतु २०२१ साली टोकियोत भरलेल्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच आला, आमच्या लेकीने तो टीव्हीवर पाहिला आणि तेव्हापासून घोषा लावला, “बाबा, एकदा तरी!” शेवटी रजा टाकली, साठवलेले पैसे काढले आणि आम्ही चौघे दादरहून तुतारी एक्स्प्रेसने सावंतवाडी गाठून एस.टी.ने शिरोड्यास उतरलो.

मुक्काम शिरोड्याला एका घरी. दुसऱ्या दिवशी रेडीवरून तेरेखोल, फेरीबोटीने केरी, पुढे हरमल, मांद्रे आणि आश्वे. आश्व्याला ही विद्या शिकवतात. शिकवणीची फी ऐकून आम्ही गप्प झालो आणि फक्त मुलांचीच नावे घातली. प्रथम वाळूवरच धडे झाले. पोटावर झोपा, हातांनी पाणी मागे सारा, छाती उचला, उभे राहा. फळीची दोरी पायाला बांधलेली. शिकवणाऱ्या पोराने बजावले, “पाण्याची ओढ आत नेऊ लागली तर तिच्याशी झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ संपली की बाहेर या.” लेक अकरा वेळा पडली, बाराव्यांदा उभी राहिली. काठावर तिच्या आईने डोळे पुसले. आम्हीही पुसले, पण खारे पाणी उडाले असे सांगितले.

आम्ही बी.कॉम. असल्याने प्रत्येक गोष्टीचा जमाखर्च मांडण्याची आम्हाला खोड आहे. तेव्हा या लाटेचाही मांडू.

लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट एवढीच खोली उरली की लाट फुटते. म्हणजे लाट चांगली की वाईट, हे पाण्याखालच्या वाळूवर ठरते. ती वाळू नद्या आणतात आणि किनाऱ्यावरच्या टेकड्या राखून ठेवतात. त्या टेकड्यांना जी वेल धरून ठेवते तिचे नावच मर्यादवेल! टेकडी सपाट करून भिंत बांधली की लाटा भिंतीवर आपटून वाळू ओढून नेतात. याच तालुक्यात मोरजी, मांद्रे येथे समुद्री कासवे अंडी घालतात. पिल्ले रात्री बाहेर पडून उजेडाच्या दिशेने धावतात. पूर्वी तो उजेड समुद्राचा असे, आता हॉटेलांच्या दिव्यांनी त्यांची वाट चुकते.

वाहतूक मात्र वाढतच आहे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. चिपीचा विमानतळ २०२१ साली सुरू झाला, मोप्याचा २०२३ साली. शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावर पंचतारांकित हॉटेलासाठी नव्वदच्या दशकात जमीन संपादन झाले आणि जमीनधारकांचा विरोध पुढे वर्षानुवर्षे चालला. ज्या गावात १९३० साली लोकांनी मिठाचा सत्याग्रह केला, त्याच गावाला आपल्या किनाऱ्यासाठी पुन्हा उभे राहावे लागले.

परतल्यावर ज्यांच्या घरी उतरलो त्या आजींना आम्ही विचारले, “हॉटेल आले तर बरेच की, आजी?” माशाला मीठ लावता लावता त्या म्हणाल्या, “समुद्र खंय जाणा नाय, जावचा लागतला ता आमकाच.”

आम्हाला उत्तर सुचले नाही. कारण दुपारी आम्हीच तक्रार केली होती की येथे बायकांना कपडे बदलायला आडोसा नाही, चांगले शौचालय नाही. मुलांची आई त्या एका कारणाने पाण्यात उतरली नव्हती. म्हणजे सुधारणा आम्हालाही हवीच होती. शिकवणाऱ्या पोराला रोजगार हवा, आजींच्या खोलीला पाहुणा हवा. मग विकास नको, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

प्रश्न विकास हवा की नको एवढाच नाही. तो कोणाच्या नावावर जमा होतो आणि कोणाच्या नावावर खर्ची पडतो, हा आहे. शौचालय ग्रामपंचायतीचे असू शकते, खोल्या गावकऱ्यांच्या घरात असू शकतात. परंतु किनाऱ्याकडे जाणारी जुनी पायवाट एकदा फाटकाआड गेली की आजींची नातवंडे त्याच फाटकावर पहारेकरी होतात.

म्हणून दोन कामाच्या गोष्टी. १९९१ च्या किनारा नियमांनी ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटर बांधकामास मोकळे ठेवले होते. २०१९ च्या नियमांनी दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी ते अंतर ५० मीटरवर आणले. तेव्हा आपले गाव कोणत्या रंगात रंगवले आहे, हे किनारा आराखड्याच्या नकाशात पाहा. नकाशा मिळाला नाही तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आणि जनसुनावणीला तोंडी बोलून परतू नका, लेखी हरकत देऊन पोच घ्या. कारकून म्हणून सांगतो, कार्यालयात ज्याची पोच नाही ते झालेच नाही.

येताना गाडीत लेक म्हणाली, “बाबा, पुढच्या वेळी आईलापण शिकवायचं.” आम्ही हो म्हणालो. आता पैसे साठवणे आमच्याकडे. तोवर ती वाट उघडी राहो, ही जबाबदारी मात्र एकट्या आजींवर टाकून चालणार नाही.