१, २ आणि ३१ तारीख

कॉमर्सच्या वर्गात टॅली शिकवणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण ठाऊक आहे. लायसन्स न घेता टॅली ‘एज्युकेशनल मोड’मध्ये उघडलं, की व्हाउचरची नोंद महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांना होते. मधले दिवस बंद. मग कुणीतरी पेन ड्राइव्हवर क्रॅक केलेली आवृत्ती आणतं, लॅबमधल्या सगळ्या संगणकांवर ती चढते आणि अडचण मिटली असं सगळे मानतात. पण खरेदीची नोंद कुठे जाते, जमा-नावे कसं जुळतं, ताळेबंद कसा उभा राहतो, हे समजावायला १५ तारीख कशाला हवी? प्रात्यक्षिकाला तीन तारखा पुरतात. शिकणाऱ्यासाठी सरळ वाट ठेवलेली असताना आपण चोरवाटेने जातो, याचं वाईट वाटतं.

‘शिकवायला काय, चालतं’ हे वाक्य स्टाफरूममध्ये सर्रास ऐकू येतं. त्यात थोडं तथ्य आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शिकवण्याच्या ओघात प्रत काढण्याची मुभा शिक्षकाला देतं. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात २०१६ साली उच्च न्यायालयाने या मुभेचा अर्थ उदारपणे लावला, आणि ते योग्यच झालं. पण तिथे प्रश्न पुस्तकांतल्या पानांचा होता. त्या निकालाच्या आधारावर क्रॅकचं समर्थन करू नये. हक्कभंगाच्या हेतूने सॉफ्टवेअरचं संरक्षक कुलूप तोडणं हा २०१२च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे. चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली तर कलम ६३-बखाली किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर कमाईसाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. गुन्हा मात्र गुन्हाच राहतो.

दुसरा घोळ ‘फुकट’ या शब्दाचा. जे पैसे न देता उतरवता येतं, ते कुठेही, कशालाही वापरता येतं असं नाही. व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ प्रोग्रॅम जीपीएल लायसन्सखाली मुक्त आहे, पण त्याच्या एक्स्टेन्शन पॅकचं लायसन्स वेगळं आहे. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून वर्गात तो चालतो. त्याच कॉलेजच्या कार्यालयीन कामाला ती सवलत लागू होत नाही. भूमितीच्या तासाला हमखास लागणारं जिओजेब्रा बिगर-व्यावसायिक वापरासाठी मोफत आहे. फी घेऊन चालणाऱ्या खासगी क्लासने ते भिंतीवर दाखवण्याआधी अटी वाचायलाच हव्यात. लिबरऑफिस, इंकस्केप, गिम्प, सायलॅब यांच्याबाबत हा प्रश्नच येत नाही. वर्ग असो, क्लास असो की ऑफिस, वापरायला पूर्ण मोकळीक.

‘पण ते आम्हाला येत नाही’ ही तक्रार खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. तिच्यावरचा उपाय मात्र जवळच आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने अशा सॉफ्टवेअरचे छोटे छोटे पाठ तयार केले आहेत, त्यांतले अनेक मराठीत. पाठ चालू करायचा, थांबवायचा, शेजारच्या खिडकीत तेच करून पाहायचं. शिक्षकांच्या उजळणी वर्गांत याला दोन दिवस द्यायला संस्थाचालकांना कोण अडवतं?

प्रात्यक्षिक संपल्यावर एखादी मुलगी पेन ड्राइव्ह पुढे करून विचारतेच, “सर, हे मला घरी टाकून द्याल?” पडद्यावर क्रॅक असेल तर सरांना एक तर नाही म्हणावं लागतं, नाही तर चोरीची प्रत तिच्या हाती द्यावी लागते. पडद्यावर इंकस्केप असेल तर ते म्हणू शकतात, “घेऊन जा, आणि मैत्रिणींनाही दे.”