पहिला पाईप कुठला घ्यावा?

"यार, पहिला पाईप कुठला घेऊ? आणि तंबाखू कुठली?"

रात्रीचे साडेअकरा, समोर सबमिशनच्या फायलींचा ढीग, आणि माझ्या रूम पार्टनरला पडलेला हा प्रश्न! सिगरेट 'कॉमन' झाली म्हणे. पुडी मळणं म्हणजे 'गावठी'. पाईप कसा, एकदम क्लास! प्रोफेसर वाटतो माणूस. आमच्या विंगमध्ये मी कुठल्याही गोष्टीचं मॅन्युअल वाचणारा म्हणून प्रसिद्ध, त्यामुळे चौकशीचं काम माझ्याकडे आलं. मीही ते इंजिनिअरिंगचा प्रॉब्लेम समजून मनापासून केलं. आधी मला काय सापडलं ते सांगतो, मग माझं मत. पटलं तर घ्या, नाहीतर मेसमध्ये भांडायला या.

आधी पाईप. चांगले पाईप 'ब्रायर'चे असतात. भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी लाकडाची घट्ट गाठ तयार होते, ते ब्रायर. ही गाठ उकळतात, महिनोन्‌महिने वाळवतात आणि मग कोरतात. लवकर जळत नाही, ओल थोडी शोषून घेते आणि वजनाला हलकी. फ्रान्समधल्या सेंट क्लोद गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हा धंदा चालत आला आहे. दुसरा प्रकार मीरशॉम, म्हणजे तुर्कस्तानात एस्किशेहिरजवळ सापडणारा पांढरा, मऊ दगड. दिसायला सुंदर, पण हातातून पडला की तुकडे. तिसरा सगळ्यात स्वस्त, दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसाचा! अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या वॉशिंग्टन नावाच्या गावात १८६९ पासून असे पाईप बनतात. जाणकार नवशिक्याला हाच सुचवतात, कारण नाद सुटला तर पैसे फार जात नाहीत. (हे कारण लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.)

आकार सरळ घ्यावा, म्हणजे साफ करायची तार तोंडापासून भांड्यापर्यंत आरपार जाते. वाकड्या पाईपमध्ये ओल साचते आणि गुडगुड आवाज येतो. आणि तो शेरलॉक होम्सचा मोठा बाकदार पाईप? कॉनन डॉयलच्या कथांत तो नाहीच! होम्सच्या तोंडात वाकडा पाईप दिला तो रंगभूमीवर त्याची भूमिका करणाऱ्या विल्यम जिलेट या नटाने. म्हणजे आमच्या रूम पार्टनरला ज्याची नक्कल करायची होती, तीच मुळात नाटकातली निघाली.

आता तंबाखू. व्हर्जिनिया गोडसर असते पण जीभ भाजते. बर्ली सौम्य चवीची, पण निकोटिन भरपूर. लटाकिया लाकडाच्या धुरावर धुरवलेली, वास चुलीसारखा. कॅव्हेंडिश म्हणजे वाफ आणि दाब देऊन मऊ केलेली, बहुतेक वेळा व्हॅनिला किंवा चेरीचा वास लावलेली. नवशिका वासाला भुलून हीच घेतो, ती ओलसर असते, तो जोरजोरात ओढतो आणि वाफेने जीभ पोळून घेतो. भरण्याचंही शास्त्र आहे. तळाचा थर लहान मुलाच्या हाताने भरल्यासारखा सैल, मधला जरा दाबून, वरचा घट्ट. एकदा पेटवायचं, फुगलेली तंबाखू हलकेच दाबायची आणि पुन्हा पेटवायचं. एकदा ओढला की पाईपला दिवसभर विश्रांती. हे नीट जमायला काही महिने जातात.

एवढं सगळं वहीत उतरवून मी दिवाळीच्या सुट्टीत साखऱ्याला गेलो. आमचं गाव सेनगाव तालुक्यात, जिल्हा हिंगोली. सोयाबीन निघालं होतं, तुरी उभ्या होत्या आणि आबा, म्हणजे माझे आजोबा, ओसरीवर बसले होते. त्यांनी पन्नासेक वर्षं चिलीम ओढली. म्हटलं, याहून मोठा तज्ज्ञ कुठे मिळणार! वही उघडून त्यांना पाईपचं सगळं शास्त्र वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग चिलमीत अन्‌ ह्याच्यात फरक काय रं लेका? त्याच्यात बी तंबाखूच घालतेत ना?"

मी फरक सांगायला गेलो आणि अडलो. कारण आबा एकेक भाग सांगत गेले तसं ते जुळतच गेलं. ब्रायरच्या जागी कुंभाराने भाजलेली माती. तंबाखू खाली ओढली जाऊ नये म्हणून चिलमीच्या बुडाशी खडा. तोंडाशी ओलं फडकं, त्याला छापी म्हणतात. धूर थोडा गार होतो आणि चिकट काळा भाग फडक्यात अडकतो. म्हणजे लोक पाईपमध्ये जो फिल्टर घालतात, तो आबांच्या छापीत केव्हाचा होता! सैल भरणं, निखारा नीट बसवणं, ओढून झाल्यावर राख झटकून चिलीम गार होऊ देणं, सगळं तेच. मला सहा रात्री वाचून जे कळलं ते आबांना तिसरी न शिकता येत होतं. फरक एवढाच, की एकाला आपण 'कनॉसर' म्हणतो आणि दुसऱ्याला 'चिलमी'.

माझा पहिला मुद्दा हा. पाईप आपल्याला आवडतो तो चवीमुळे नाही, चव तर अजून घेतलेलीच नाही. आवडतो तो त्याच्यामागच्या खुर्चीमुळे, पुस्तकांच्या कपाटामुळे, कोटामुळे. आइन्स्टाइनच्या हातात पाईप, बाळासाहेब ठाकऱ्यांच्या जुन्या फोटोंत पाईप. आपल्याला त्यांचं डोकं किंवा त्यांचा दरारा हवा असतो. तो दुकानात मिळत नाही, म्हणून आपण पाईप घेतो.

ही गोष्ट नवीन नाही. तंबाखू पोर्तुगिजांबरोबर दख्खनमध्ये आली. असद बेग नावाचा सरदार विजापूरहून ती घेऊन १६०४-०५ च्या सुमारास अकबराच्या दरबारात गेला, तेव्हा तो नुसती पानं घेऊन गेला नाही. सोबत रत्नजडित नळी होती! हकिमांनी हरकत घेतली, तरी बादशहाने दोन-चार झुरके घेतलेच, आणि मग सरदारांमध्ये मागणी सुरू झाली. १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखूवर बंदी घातली, पण तोवर उशीर झाला होता. थाट आधी आला, सवय मागून आली. आमच्या विंगमध्येही क्रम तोच आहे.

चिलमीच्या बाजूने एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. ती एकट्याची नव्हती. शेगावच्या गजानन महाराजांच्या पोथीत चिलमीचा प्रसंग आहे, शिर्डीला साईबाबांच्या चिलमी जपून ठेवल्या आहेत. पारावर एक चिलीम दहा हातांतून फिरायची आणि तेवढ्या वेळात गावाची निम्मी कामं बोलून व्हायची. आबा म्हणतात, चिलीम सुटली तेव्हा तंबाखूपेक्षा पाराची आठवण जास्त आली. पण एकच चिलीम दहा तोंडांत म्हणजे एकाचा खोकला दहा घरांत, हेही तेच सांगतात.

त्यांची चिलीम सुटली कशी? जिभेखाली पांढरा चट्टा आला. दुखत नव्हता म्हणून वर्षभर कोणाला दाखवला नाही. मग नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून कॅन्सर नाही, पण रस्ता तिकडेच जातो. आबांनी अडुसष्टाव्या वर्षी चिलीम सोडली. आजही जेवण झालं की त्यांचा हात आपोआप कमरेला जातो, जिथे चंची असायची. चंची नाही, हात मात्र अजून जातो. मी ते ओसरीवर रोज बघितलं, आणि माझ्या वहीतली सगळी माहिती मला एकदम पोकळ वाटायला लागली. त्यात पाईप कसा धरावा हे होतं. हात कमरेकडे जायचा कधी थांबतो, ते कुठेच नव्हतं.

रूम पार्टनर म्हणेल, 'पाईपचा धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडातच ठेवायचा असतो. म्हणून तो सेफ.' मीही आधी हेच म्हणत होतो. पण धूर तोंडातच ठेवला तर त्रास कोणाला होणार? तोंडालाच! ओठ, जीभ, घसा, सगळे त्याच्या वाटेवर. पाईप ओढणाऱ्यांना ओठाचा कॅन्सर होतो हे सोमरिंग नावाच्या जर्मन डॉक्टरने १७९५ मध्येच लिहून ठेवलं होतं. शिवाय बर्लीसारख्या तंबाखूचा धूर अल्कधर्मी असतो, त्यातलं निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. म्हणजे सवय लागायला छातीपर्यंत जायची गरजच नाही. आणि बंद रूममध्ये तुझ्या पाईपचा उरलेला धूर मी ओढणार, मला न विचारता.

दुसरा आक्षेप माझ्यावर आहे. २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात, त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के. बाकी सगळं मळणं आणि चघळणं. मग पाईपसारख्या दुर्मिळ गोष्टीवर एवढी शाई का? कारण पाईप तंबाखूला इज्जत देतो. ज्याच्या खिशात पुडी आहे तो निदान ती लपवतो. पाईपवाला टेबलावर ठेवतो. फर्स्ट इयरची मुलं तो बघतात. पाईप त्यांना परवडणार नाही, पण टपरी परवडते. शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि कॉलेजसारख्या सार्वजनिक ठिकाणी ओढायला २००८ पासूनच्या नियमांनी. पण ती मुलं कायदा बघून शिकत नाहीत, सीनियर्सना बघून शिकतात.

स्टाफलाही एक विनंती. रूम चेकिंगमध्ये पाईप सापडला तर दंडाची पावती फाडाच. पण त्याला पाच मिनिटं बसवून विचारा, की हा घ्यावासा का वाटला? उत्तरात तंबाखू क्वचितच निघेल. बहुतेक वेळा एकटेपणा निघेल, बॅकलॉग निघतील, किंवा 'मला कोणी सीरियसली घेत नाही' हे निघेल. पारावर लोक जमायचे ते फक्त धुरासाठी नव्हे. आपल्या होस्टेलला पार नाही. टीव्ही रूम आहे, तिथे कोणी बोलत नाही. तो पार जमवता आला तर पाईपची निम्मी गरज संपेल असं मला वाटतं.

आणि मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. जाणकार म्हणतात, पहिला पाईप स्वस्तातला घ्यावा, म्हणजे सोडताना वाईट वाटत नाही. मी त्यांच्या एक पाऊल पुढे जाऊन सांगतो, घेऊच नकोस. त्याहून स्वस्त काही नाही. सुट्टीत माझ्याबरोबर साखऱ्याला चल. आबांच्या शेजारी ओसरीवर बस, त्यांना चिलमीचं विचार, ते खुशीत सांगतील. जेवण झालं की त्यांचा हात कमरेला जाईल, तो बघ. मग मला सांग, कुठला पाईप घ्यायचा ते.