स्माइल प्लीज!

माझा डीपी आठवतोय? माथेरान, शार्लोट लेकचा रस्ता, मागे धुकं, शेजारी कठड्यावर एक माकडीण आणि ती चक्क हसतेय. जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर जाम हिट झाला होता. ‘यातली तू कुठली?’ छाप पीजेंसकट.

परवा तो डीपी मी काढून टाकला.

झालं असं, की एका फीचरसाठी मोरोक्कोतल्या माकडांविषयी वाचत होते. (फ्रीलान्सरला काहीही वाचावं लागतं, बॉस.) तिथल्या ॲटलस पर्वतात बार्बरी मकाक राहतात. आपल्या माकडांचेच चुलतभाऊ. टुरिस्ट गाड्या थांबवून त्यांना खाऊ घालतात, सेम टू सेम आपल्यासारखंच. २००८ मध्ये संशोधकांनी तिथल्या सहा नरांवर सात महिने लक्ष ठेवलं आणि दोन गोष्टी मोजल्या. ते स्वतःला किती खाजवतात आणि त्यांच्या विष्ठेत स्ट्रेसची हार्मोन्स किती सापडतात. माकड काही दर वेळी उवांमुळे खाजवत नाही. जीव टांगणीला लागला तरी खाजवतं, आपण अप्रेझलच्या आदल्या दिवशी नखं खातो तसं.

माणसांशी भांडणं जास्त झाली की हार्मोन्सही वाढायची आणि खाजवणंही. हे ठीक, अपेक्षितच. पण खाऊ मिळण्याचे प्रसंग वाढले तरी खाजवणं वाढायचं. आणि ना खाऊ, ना मारामारी, अशा साध्या गाठीभेटींनीसुद्धा! म्हणजे ‘आम्ही कुठे त्रास दिला, उलट बिस्किटंच दिली’ हा आपला डिफेन्स बाद.

आणि ते हसू? ओठ मागे ताणून दात दाखवणं म्हणजे माकडांच्या भाषेत बहुतेक वेळा ‘घाबरलेय, मला काही करू नका.’ आपण वाचतो ‘चीज!’ २०१७ मधल्या एका अभ्यासात तर माकडांशी कधी संबंध न आलेल्या कित्येकांना बार्बरी मकाकचा धमकीचा चेहराही साधा किंवा फ्रेंडली वाटला होता.

मग मी फोनमधले त्या दिवशीचे सगळे फोटो उघडले. चौदा होते. पहिल्यात माझ्या हातात वेफर्स. तिसऱ्यात ती दंड खाजवतेय, चौथ्यातही, सहाव्यातही. तेव्हा ‘उवा बघ, उवा’ म्हणून आम्ही खिदळलो होतो. आठव्यात ते ‘हसू’. अकराव्यात पाकीट तिच्या हातात आणि आमचा निखिल चप्पल उगारून उभा. ‘चोर साली!’ असं तो ओरडला होता, तेही आठवलं.

बंदीपूरच्या माकडांवरचा २०१८ चा एक पेपर आहे. माणसाच्या हातात खाणं दिसलं की ती त्याच्याकडे बघून ‘कू’ असा आवाज काढतात, हात पुढे करतात. मागायला आपणच शिकवायचं आणि घेतलं की चोर?

निखिलला फोन लावला. पूर्ण ऐकून घेतलंन, मग म्हणाला, ‘मग आता काय, तिला सॉरीचा मेसेज टाकू?’

मी त्याला आठवा फोटो पाठवला. ओरिजिनल, क्रॉप न केलेला. माझा चेहरा मधोमध यावा म्हणून मी खालची बाजू कापली होती. तिथे तिच्या पोटाला एक पिल्लू चिकटलेलं होतं.

निखिलचा रिप्लाय अजून आलेला नाही. दोन निळ्या टिक मात्र दिसतायत.