खुर्चीतून खुर्चीत



शाळांना सुट्ट्या लागल्या, म्हणजे भारतातून आई-बाबा, सासू-सासरे आपल्याकडे अमेरिकेत येण्याचे दिवस आले. व्हिसा झाला, विमा काढला, भाजणी-मेतकुटाची यादी तिकडे पोचली. तिकिटाबरोबर व्हीलचेअरही सांगून झाली; गुडघे दुखतात म्हणून नव्हे, इमिग्रेशनच्या रांगेत इंग्रजीची पंचाईत नको म्हणून. सोय उत्तमच आहे. पण मुंबईहून थेट न्यूयॉर्कला यायचं तर 15-16 तास विमानात बसून, त्याआधी विमानतळावर खुर्चीत आणि उतरल्यावर पुन्हा खुर्चीत. सत्तरीचा माणूस जवळजवळ पाऊल न टाकता आपल्या दारात येतो.

पायांतलं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. ते हललेच नाहीत तर रक्त साकळतं, क्वचित त्याची गाठ होते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली सांगितलं की 4 तासांहून जास्त प्रवास बसून केला तर हा धोका सुमारे दुप्पट होतो. दुप्पट होऊनही तो साधारण 6,000 माणसांत एकाला, तेव्हा तिकीट रद्द करायला नको. ज्यांना पूर्वी अशी गाठ झाली आहे, कर्करोगाचे उपचार चालू आहेत किंवा नुकतंच मोठं ऑपरेशन झालं आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच निघावं. शेजारच्या काकूंनी घेतली म्हणून अ‍ॅस्पिरिन घेऊ नये.

खरी गोम खिडकीच्या सीटमध्ये आहे. आपण कौतुकाने खिडकी घेऊन देतो आणि आई शेजारच्या दोघांना उठवायला नको म्हणून पाणीच पीत नाही! लघवीची गोळीही परस्पर चुकवते. विमानातली हवा आधीच कमालीची कोरडी, आर्द्रता बहुधा 20 टक्क्यांच्या आतच. शिवाय केबिनमधला हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो. तो 6,000 ते 8,000 फुटांवरच्या हवेइतका असतो. आपलं कळसूबाई शिखर सुमारे 5,400 फूट, म्हणजे प्रवासभर मुक्काम त्याहूनही वर. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही, दमा किंवा हृदयाचा जुना त्रास असलेल्याला जाणवू शकतं. तेव्हा सीट मार्गिकेलगतची घ्या, तासा-दोन तासांनी उठायला सांगा, आणि रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवायला लावा, चकल्यांचा डबा बॅगेत गेला तरी चालेल. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोसच्या वेळा निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून आणाव्यात.

आणि आल्यावर? उन्हाळ्यात मुंबई न्यूयॉर्कच्या साडेनऊ तास पुढे असते. आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा त्यांच्या शरीरात पहाटेचे साडेतीन. हे घड्याळ दिवसाला तास-दीड तासच सरकतं. म्हणून पहिला आठवडा मोकळा ठेवा. दुपारनंतर उन्हात फिरवून आणा, बस्स. तिसऱ्याच दिवशी नायगारा दाखवायची हौस मला तरी समजत नाही. आपली रजा संपत आली म्हणून त्यांच्या शरीराने घाई का करावी? 

एक मात्र लक्षात असू द्या. दोन्ही पाय थोडे सुजले तर सूज बहुधा एक-दोन दिवसांत उतरते. एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, किंवा अचानक दम लागून छातीत दुखलं, मग प्रवासाला दोन-तीन आठवडे झालेले असले तरी, लगेच इमर्जन्सीत न्या. विमा किती भरेल हा हिशोब नंतर करा.