पाळण्यात दिसलेल्या पायांची किंमत

फेब्रुवारी २०२४ मधली गोष्ट. अमेरिकेत कॅन्सस सिटीला राहणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन आला. घरच्यांची विचारपूस आटोपताच तो म्हणाला, "मामा, आमच्या गावच्या बेसबॉल संघाला वेड लागलंय. अवघे दोन हंगाम खेळलेल्या तेवीस वर्षांच्या पोराशी त्यांनी अकरा वर्षांचा करार केलाय. तोही २८ कोटी ८७ लाख डॉलरचा!"

मी मनात हिशेब केला. त्या वेळच्या दराने सुमारे २,४०० कोटी रुपये!

"अरे, पण तुझ्या खिशातून थोडेच गेले?" मी म्हणालो.

"तिकिटाचे पैसे माझ्याच खिशातून जातात ना! उद्या त्या पोराचा गुडघा निकामी झाला तर?"

प्रश्न बिनतोड होता. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण सहज म्हणतो. पण दिसलेल्या पायांवर अकरा वर्षांचे पैसे लावायचे म्हटले तर? तो मुलगा म्हणजे बॉबी विट ज्युनिअर आणि संघ कॅन्सस सिटी रॉयल्स. करार शहाणपणाचा की वेडेपणाचा, हे ठरवण्यापूर्वी तिथली रीत समजून घ्यायला हवी.

सहा वर्षांची वेसण

बेसबॉलमधली बॅट, चेंडू आणि धावा आपल्या ओळखीच्याच आहेत. पगाराची पद्धत मात्र निराळी. मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च स्पर्धेत, उतरलेला नवा खेळाडू साधारण सहा वर्षे एकाच संघाशी बांधलेला असतो. पहिली तीनेक वर्षे त्याला किमान वेतन किंवा त्याहून थोडे जास्त मिळते. २०२४ मध्ये हे किमान वेतन वर्षाला ७ लाख ४० हजार डॉलर होते. पुढच्या तीन वर्षांत रकमेवर एकमत झाले नाही, तर लवाद निकाल देतो. सहा वर्षे भरली की खेळाडू मोकळा! मग जो संघ मोठी बोली लावेल, तिकडे त्याने खुशाल जावे. हे स्वातंत्र्यही सुखासुखी मिळालेले नाही. १९७५ मध्ये एका लवादाने निकाल देईपर्यंत मालक खेळाडूला हवा तितका काळ अडकवून ठेवू शकत.

या मोकळिकीचा फटका बसतो तो लहान शहरांना. रॉयल्सने २०१५ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. पण २०१७ चा हंगाम संपताच एरिक हॉस्मर आणि लॉरेन्झो केन यांच्यासारखे मोहरे मोकळे झाले आणि दुसऱ्या संघांत गेले. २०२३ मध्ये तर रॉयल्सने १६२ पैकी १०६ सामने गमावले.

म्हणून संघ एक युक्ती करतात. सहा वर्षे भरण्याची वाट न पाहता, तरुण खेळाडूला आधीच जास्त पैशांची हमी द्यायची आणि त्या बदल्यात त्याच्या मोकळ्या वर्षांपैकी काही वर्षे विकत घ्यायची. खेळाडूला यात निश्चिंती मिळते, कारण हमी दिलेली रक्कम दुखापत झाली तरी चुकवावीच लागते. थोडक्यात, संघ स्वस्तात भविष्य घेतो आणि खेळाडू विमा उतरवतो.

फळलेले आणि फसलेले

ही युक्ती रूढ केली ती क्लीव्हलँडच्या जॉन हार्ट यांनी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आपले होतकरू खेळाडू एकामागून एक दीर्घ करारांनी बांधले. १९९५ मध्ये क्लीव्हलँडने ४१ वर्षांनंतर अमेरिकन लीगचे विजेतेपद मिळवले आणि १९९७ मध्ये ते पुन्हा जिंकले. बाकीच्यांनी हा धडा गिरवला नसता तरच नवल!

२००८ मध्ये टॅम्पा बे संघाने कमालच केली. एव्हन लाँगोरिया मेजर लीगमध्ये येऊन आठवडाही उलटला नव्हता, तोच त्याच्याशी सहा वर्षांचा १ कोटी ७५ लाख डॉलरचा करार केला. आदल्या वर्षी तळाला असलेला हा संघ त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला आणि लाँगोरिया वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला. त्याच्या खेळाच्या मानाने ती रक्कम म्हणजे भाजीच्या भावात सोने!

पण नाण्याची दुसरी बाजूही पाहा. २०१४ मध्ये ह्यूस्टनने जॉन सिंगलटनला पहिला सामना खेळण्याआधीच एक कोटी डॉलरची हमी दिली. स्वस्तात विकला गेलास, अशी टीका काही जुन्याजाणत्या खेळाडूंनी केली. प्रत्यक्षात त्याची बॅट चाललीच नाही. २०१८ मध्ये संघाने त्याला मुक्त केले. आता सांगा, करार कोणाला लाभला? संघाचे पैसे बुडाले, पण तेवढ्याने त्याचे कंबरडे मोडले नाही. खेळाडूचा संसार मात्र सावरला गेला.

याहून मोठा धोका मैदानाबाहेरचा. टॅम्पा बेनेच नोव्हेंबर २०२१ मध्ये वीस वर्षांच्या वाँडर फ्रँकोशी अकरा वर्षांचा १८ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. तेव्हा तो मेजर लीगचे फक्त ७० सामने खेळला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये गंभीर आरोपांमुळे त्याला संघाबाहेर जावे लागले. त्याचा खेळ सगळ्यांनी पारखला होता, पण विसाव्या वर्षी माणूस पुरता पारखता येतो का?

पोराच्या बाजूनेही पाहा

या बाजारात घासाघीस करणारे दोघे बरोबरीचे नसतात. एकीकडे वकील आणि आकडेतज्ज्ञांचा ताफा बाळगणारा संघ आणि दुसरीकडे बावीस वर्षांचा, बहुधा बेताच्या परिस्थितीतून आलेला मुलगा. २०१९ मध्ये अटलांटाच्या ओझी आल्बीझने सात वर्षांसाठी साडेतीन कोटी डॉलर स्वीकारले, तेव्हा इतक्या गुणी खेळाडूला फारच कमी मिळाले, असे अनेकांचे मत पडले.

उलट हुआन सोटो पाहा. २०२२ मध्ये वॉशिंग्टनने त्याच्यापुढे पंधरा वर्षांचे ४४ कोटी डॉलर ठेवले. त्याने नाही म्हटले. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याला पंधरा वर्षांसाठीच ७६ कोटी ५० लाख दिले. सोटोचा हिय्या मोठा खरा. पण प्रत्येकाने तसे करावे का? हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणाऱ्यांत एक सोटो जिंकतो, तेव्हा गुडघा गमावून घरी बसलेल्यांची नावे आपल्या कानावर येत नाहीत.

मग करावा की नाही?

माझ्या मते लहान गावच्या संघाने असा करार जरूर करावा, पण तीन पथ्ये पाळून. पहिले, मुलगा सर्वोच्च स्पर्धेत निदान एक-दोन हंगाम खेळलेला असावा. नुसत्या बोलबाल्यावर पैसे लावू नयेत. दुसरे, तो फसला तरी संघ बुडू नये एवढीच रक्कम लावावी. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, पुढे मुलाला आपण लुबाडलो गेलो असे वाटू नये, म्हणून एक दार उघडे ठेवावे. मनातून दुखावलेला माणूस करारात बांधला, तरी जीव ओतून काम करील का?

विटचा करार या कसोट्यांवर बराच उतरतो. तो दोन पूर्ण हंगाम खेळला होता. एरवी तो २०२७ नंतर मोकळा झाला असता. आता २०३० पर्यंत तो संघाचा आहे. त्यानंतर हवे तर पुढची वर्षे सोडून तो जाऊ शकतो, तेही ऐन तिशीत. रकमेबाबत मात्र रॉयल्सने छाती मोठी केली, कारण एवढा मोठा करार या संघाने पूर्वी कधीच केला नव्हता.

२०२४ चा हंगाम रॉयल्ससाठी सोन्याचा ठरला. विटने .३३२ च्या सरासरीने अमेरिकन लीगमधल्या फलंदाजांत पहिला क्रमांक मिळवला. आदल्या वर्षी ५६ सामने जिंकणाऱ्या संघाने ८६ जिंकले आणि २०१५ नंतर प्रथमच बाद फेरी गाठली. अर्थात एका वर्षावरून अकरा वर्षांचा निकाल लावू नये. गुडघ्याची भीती आहे तिथेच आहे.

त्या ऑक्टोबरात भाच्याचा पुन्हा फोन आला. मी विचारले, "काय रे, वेड उतरलं का तुझ्या संघाचं?"

तो हसला. "मामा, पैशांचं मला अजून पटलेलं नाही. पण आमची चिमुरडी विटचा सात नंबरचा शर्ट अंगावरून उतरवत नाही. आवडता खेळाडू निघून गेला की ती रडायची. या वेळी मी तिला सांगितलं, तू हायस्कूलला जाशील तोवर तरी हा इथेच आहे."

हिशेबाच्या वहीत या वाक्यासाठी रकाना नसतो. पण लहान गावातले स्टेडियम भरते, ते अशाच भरवशावर.